क्लोरीनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन असतात का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देतोय की काय ते तुम्हालाही पाहता येईल. मुलगी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात क्लोरीनचा अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, १७ आणि अणुवस्तुमान ३५.५ दिलंय. वस्तुमानातून प्रोटॉन वजा केले की न्यूट्रॉन मिळतात हे ती आठवीपासून करत आलीय, म्हणून तिने वजाबाकी केली आणि उत्तर आलं साडेअठरा. क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "आयसोटोपमुळे होतं ते, फॉर्म्युला पाठ कर." मग क्लोरीनचे दोन समस्थानिक (म्हणजे आयसोटोपच) असतात, ३५ आणि ३७, हे वाचून तिने त्यांची सरासरी काढली. ती आली ३६. म्हणजे ३५.५ काही जुळलं नाही आणि अर्ध्या न्यूट्रॉनचं कोडं होतं तिथेच राहिलं. तुम्ही स्वतः कॉमर्सच्या, पतसंस्थेत कॅशला बसता, आणि विचारताय की हे समजून घेता येतं की खरंच पाठच करायचं असतं.

समजून घेता येतं, आणि तुमच्या पेशामुळे तुम्हाला बहुतेक माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर समजेल. मी आधी तेरा वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये होतो आणि आता बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. साडेअठरा हे उत्तर दर वर्षी निदान अर्ध्या वर्गाच्या वहीत असतं. ते लिहून पुढच्या गणिताकडे न जाता "अर्धा न्यूट्रॉन कसा?" असं विचारणारी मुलं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा मुलीचं काही चुकलेलं नाही, फक्त तिने चुकीच्या आकड्यातून वजाबाकी केलीय.

कारण अडचण गणिताची नाहीच. तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि आपण बोलताना तिन्हींना सरसकट "वस्तुमान" म्हणून मोकळे होतो.

पहिला आकडा मोजणीचा. एका अणूच्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती कण आहेत, याची नुसती गिनती. हा अणुवस्तुमानांक, मुलं ज्याला मास नंबर म्हणतात. गिनती असल्यामुळे तो पूर्णांकच असणार. ३५ किंवा ३७, मधलं काही नाही. दुसरा आकडा काट्याचा. त्या एका प्रकारच्या अणूचं प्रत्यक्ष मोजलेलं वस्तुमान. क्लोरीन-३५ चं ३४.९६९ डाल्टन (डाल्टन म्हणजे अणूंच्या वस्तुमानाचं एकक), क्लोरीन-३७ चं ३६.९६६. गिनतीच्या जवळ आहे, पण तंतोतंत तेवढा नाही. तिसरा आकडा हिशेबाचा. निसर्गात हे दोन प्रकारचे अणू ज्या प्रमाणात मिसळलेले सापडतात, त्या मिश्रणातल्या एका अणूमागे सरासरी किती वस्तुमान पडतं, तो. आवर्त सारणीत छापलेला असतो तो हा, ३५.४५, ज्याचं शाळेच्या पुस्तकात ३५.५ होतं.

तुमच्या मुलीने तिसऱ्या आकड्यातून प्रोटॉन वजा केले. न्यूट्रॉन काढायचे असतील तर वजाबाकी पहिल्या आकड्यातूनच करायची. क्लोरीन-३५ मध्ये १८ न्यूट्रॉन, क्लोरीन-३७ मध्ये २०. साडेअठरा न्यूट्रॉन असलेला अणू कुठेच नाही. ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा अणूही कुठेच नाही, हेही तिला सांगा. तो आकडा ढिगाचा आहे, ढिगातल्या एकाही दाण्याचा नाही.

आता तुमच्या कॅश काउंटरवर येऊ. पाच रुपयांची दोन नाणी घ्या. एक जुनं, जाड, चांदीसारख्या रंगाचं. दुसरं पातळ, पिवळं, साधारण २००९ पासूनचं. (२०१९ नंतर आलेलं, आकाराने जरा मोठं पिवळं नाणं बाजूला काढून ठेवा, त्याचं वजन आणखी वेगळं आहे.) दोन्हींचा व्यास सारखाच. सोनाराच्या किंवा लॅबच्या काट्यावर ठेवलं तर जाड नाणं ९ ग्रॅम भरतं आणि पिवळं ६ ग्रॅम, झिजलेलं असलं तर किंचित कमी. पण तुमच्या खिडकीत कोणी कुठलंही दिलं तरी तुम्ही पाचच रुपये धरता. चहावालाही तेच करतो. व्यवहारात दोघांत काडीचा फरक नाही, फरक फक्त काट्यावर कळतो.

समस्थानिक म्हणजे नेमकं हेच. रसायनशास्त्रातला व्यवहार इलेक्ट्रॉन करतात आणि इलेक्ट्रॉन किती ते प्रोटॉनवर ठरतं. दोन्ही क्लोरीनमध्ये प्रोटॉन १७, म्हणून दोघंही सोडियमशी सारख्याच पद्धतीने जोडले जातात आणि मीठच बनवतात. न्यूट्रॉन जास्त असले की अणू जड होतो, बाकी स्वभाव जवळजवळ तोच. आपला मराठी शब्दही हेच सांगतो: समान स्थान, आवर्त सारणीतल्या एकाच घरात बसणारे. इंग्रजी शब्दाचा ग्रीक अर्थही तोच आहे. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी तो वापरात आणला आणि त्यांना तो सुचवला होता मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी.

ढिगाचा हिशेब करू. चाळीस नाणी घ्या, तीस पिवळी आणि दहा जाड. तीस सक्क १८० ग्रॅम, दहा नव्वे ९० ग्रॅम, एकूण २७०. भागिले चाळीस, म्हणजे नाण्यामागे पावणेसात ग्रॅम. पावणेसात ग्रॅमचं एकही नाणं त्या थैलीत नाही, तरी थैलीचा हिशेब पावणेसातनेच बरोबर येतो. आणि मुलीने केली तशी ६ आणि ९ ची सरळ सरासरी काढली असती तर साडेसात आले असते. साडेसात चूक का, हे तुम्हाला सांगायला नको. ती सरासरी दोन्ही प्रकारची नाणी सारख्याच संख्येने आहेत असं गृहीत धरते. तुमच्या संस्थेत ६ टक्क्यांच्या ठेवी पाऊण कोटीच्या आणि ९ टक्क्यांच्या पाव कोटीच्या असल्या, तर संस्थेला सरासरी व्याज साडेसात टक्के पडतं असं तुम्ही मॅनेजरला सांगणार नाही. पावणेसात सांगाल. केमिस्ट्रीच्या पुस्तकात याला भारित सरासरी म्हणतात आणि वर एक सिग्मा लावतात, त्यामुळे पोरं बिचकतात. पण आहे ते एवढंच.

क्लोरीनची थैलीही जवळपास याच प्रमाणातली आहे. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये ७५.७६ टक्के अणू क्लोरीन-३५ चे आणि २४.२४ टक्के क्लोरीन-३७ चे. ३४.९६९ गुणिले ०.७५७६ म्हणजे २६.४९२. ३६.९६६ गुणिले ०.२४२४ म्हणजे ८.९६१. बेरीज ३५.४५३. आलं का पुस्तकातलं उत्तर? हलक्या अणूंची संख्या तिप्पट, म्हणून सरासरी ३६ च्या खाली, हलक्याच्या बाजूला ओढली गेली.

गणित सोडवण्याआधी उत्तर कुठल्या बाजूला झुकलेलं असेल ते बोटाने दाखवायचं, ही सवय मी वर्गात लावतो. तांब्याचे दोन समस्थानिक, ६३ आणि ६५. सरासरी ६३.५५. म्हणजे ६३ ची गर्दी जास्त हे आकडेमोड न करताच दिसतं (प्रत्यक्षात ६९ टक्के). उत्तर दोन टोकांच्या बाहेर गेलं तर कुठेतरी दशांश चिन्ह घसरलंय, कागद परत तपासायचा. एवढ्यानेच निम्म्या चुका पकडल्या जातात.

उलटी गणितंही विचारतात: सरासरी दिली आहे, प्रमाण काढा. इथे पुस्तकं क्ष आणि एक वजा क्ष धरून समीकरण मांडतात. काही चूक नाही त्यात, पण नाण्यांनी विचार केला तर समीकरण लागतच नाही. समजा चाळीस नाण्यांची बंद थैली २८५ ग्रॅम भरली. सगळी पिवळी असती तर २४० भरली असती. ४५ ग्रॅम जास्तीचे आहेत. एकेक जाड नाणं तीन ग्रॅम जास्तीचे आणतं. म्हणजे जाड नाणी पंधरा. बोरॉन घ्या. समस्थानिक १०.०१३ आणि ११.००९, सरासरी १०.८१. सगळं हलकंच असतं तर १०.०१३. जास्तीचे ०.७९७. एक जड अणू जास्तीचे ०.९९६ आणतो. भागाकार ०.८०. बोरॉन-११ साधारण ८० टक्के. नीट आणि जेईईला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, तिथे ही रीत फार उपयोगी पडते. तीन समस्थानिक असले, जसे मॅग्नेशियमचे २४, २५ आणि २६, तर मात्र एवढ्यावर भागत नाही, आणखी एक माहिती द्यावी लागते. तशी ती प्रश्नात दिलेली असते.

आता एक बारकावा. तो सांगितला नाही तर हुशार मुलं पुढे अडकतात. सरासरी अपूर्णांकात का येते, याचं कारण "मिश्रण" असं सांगून आपण मोकळे होतो. मग एखादी मुलगी विचारते, फ्लोरिनचा निसर्गात एकच समस्थानिक आहे, फ्लोरिन-१९, मग त्याचं अणुवस्तुमान १८.९९८ का? १९ का नाही? सोडियमही एकटाच आहे, त्याचं २२.९९०. अॅल्युमिनियमचं २६.९८२. इथे मिश्रण कुठाय?

इथे मिश्रण नाही, हा दुसऱ्या आकड्याचा, काट्याचा प्रकार आहे. क्लोरीन-३५ चे सुटे भाग काट्यावर ठेवू या. १७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन, १७ इलेक्ट्रॉन. त्यांच्या वस्तुमानांची बेरीज ३५.२८९ येते. पण जोडलेला अणू भरतो ३४.९६९. मधले ०.३२ डाल्टन गेले कुठे? केंद्र बांधलं जाताना तेवढी ऊर्जा बाहेर पडली, आणि ऊर्जा गेली की वस्तुमान गेलं. ते केंद्र पुन्हा फोडायचं तर तेवढी ऊर्जा बाहेरून भरावी लागते. शिवाय डाल्टन हे एककच कार्बन-१२ वर बेतलेलं आहे. १९६१ पासून कार्बन-१२ च्या एका अणूचं वस्तुमान नेमकं १२ मानायचं असं जगभर ठरलंय, आणि त्या मापाने बाकी सगळे पूर्णांकाच्या थोडे अलीकडे-पलीकडे येतात. म्हणून कार्बन-१२ सोडून कोणताही समस्थानिक पूर्णांकी नाही.

म्हणजे दशांशाची कारणं दोन. एक हे, आणि त्याने पडणारा फरक बारीक असतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळी. दुसरं मिश्रण, जे आकडा पार मध्यापर्यंत खेचू शकतं. हायड्रोजनचं १.००८ पाहिलं की मुलं म्हणतात, "सर, ते ०.००८ जड हायड्रोजनमुळे." नाही. साध्या हायड्रोजनचा अणूच १.००७८ चा असतो. जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, साध्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एखादाच. त्याने सरासरीत पडणारी भर चौथ्या दशांश स्थळी असते. (हा साडेसहा हजारांतला एक वेचून काढण्यासाठी अलिबागजवळ थळला खताच्या कारखान्याच्या शेजारी एक अख्खा जड पाण्याचा प्रकल्प उभा आहे. गुणधर्म सारखे असले की वेगळं करणं किती जिकिरीचं होतं, ते त्यावरून कळावं.) उलट कार्बनचं १२.०११ बघा. तिथे कार्बन-१२ नेमका १२, त्यामुळे ते ०.०११ पूर्णपणे मिश्रणाचं, शंभरात जेमतेम एक असलेल्या कार्बन-१३ चं.

आणखी एक गैरसमज मला वर्गात वारंवार भेटतो: सरासरीला जवळचा पूर्णांक म्हणजे सगळ्यात जास्त सापडणारा समस्थानिक. तांब्याचं ६३.५५, पूर्णांक केला की ६४. तांबं-६४ निसर्गात नाहीच, प्रयोगशाळेत बनवावं लागतं आणि काही तासांत निम्मं विझून जातं. ब्रोमीन तर कहरच. सरासरी ७९.९०, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार ८०. प्रत्यक्षात ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ जवळपास निम्मे निम्मे, आणि ८० चा एकही नाही. एका घरात एक पाच वर्षांचं नि एक पंधरा वर्षांचं मूल असेल, तर सरासरी वय दहा म्हणून कोणी दहा वर्षांच्या मुलाचे कपडे शिवत नाही.

हा कपडे शिवण्याचा मूर्खपणा मी स्वतः करून बसलोय, म्हणून एवढ्या तावातावाने सांगतोय. नोकरीला लागून सहा महिने झाले होते. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र पहिल्यांदाच माझ्या हाती दिलं होतं. हे यंत्र रेणूंना विद्युतभार देतं आणि वस्तुमानाप्रमाणे वेगवेगळे करून मोजतं. मला डायक्लोफेनॅक शोधायचं होतं, दुखण्यावर घेतो ते. मी बाटलीवरचं लेबल पाहिलं, रेणुवस्तुमान २९६.१५. त्या पद्धतीत रेणूला एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून एक मिळवला आणि यंत्राला सांगितलं, २९७ वर बघ. नमुना सोडला. पडद्यावर एक मरतुकडा उंचवटा. नमुना दुप्पट तीव्र करून पुन्हा सोडला. तोच मरतुकडा, थोडा मोठा. दुपारभर मी नळ्या बदलत बसलो. संध्याकाळी आमच्या सीनिअर मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लेबलवरचा आकडा तराजूसाठी असतो रे. हे यंत्र एकेक रेणू बघतं, त्याला सरासरी काय कळणार?" त्यांनी २९७ पुसून २९० ते ३०५ अशी सगळी पट्टी उघडली. २९६ ला उंच सुळका, २९८ ला त्याच्या दोन तृतीयांश उंचीचा, ३०० ला छोटासा. मी ज्यावर दुपार घालवली तो २९७ चा उंचवटा म्हणजे ज्यांच्यात चुकून एखादा कार्बन-१३ येऊन बसलाय असे रेणू.

तीन सुळके का आणि त्याच उंचीचे का, हे मुलीला नाण्यांनीच पटेल. डायक्लोफेनॅकच्या एका रेणूत क्लोरीनचे दोन अणू असतात. मोठ्या थैलीत पाऊण नाणी पिवळी, पाव जाड. डोळे मिटून दोन नाणी उचलायची. दोन्ही पिवळी येण्याची शक्यता सोळात नऊ, एक पिवळं एक जाड अशी सोळात सहा, दोन्ही जाड सोळात एक. नऊ, सहा, एक. पडद्यावरच्या सुळक्यांच्या उंचीही जवळजवळ याच प्रमाणात. तो दिवस उजाडेपर्यंत समस्थानिक ही माझ्यासाठी परीक्षेपुरती गोष्ट होती. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा दिसले. पुढे कित्येकदा अनोळखी अशुद्धीच्या आलेखात दोनच्या अंतरावर तीनास एक असे सुळके दिसले की आम्ही बाकी काही न पाहता म्हणायचो, यात एक क्लोरीन आहे. सारख्या उंचीची जोडी दिसली तर ब्रोमीन.

मग सरासरी कामाची कधी? जेव्हा जेव्हा वजन करायचं असतं तेव्हा. मोल, मोलॅरिटी, अमुक ग्रॅम मिठात किती क्लोरीन, हे सगळे थैलीचे व्यवहार आहेत. चिमूटभर, म्हणजे सुमारे ०.३ ग्रॅम मिठात क्लोरीनचे अणू किती? तीनवर एकवीस शून्यं. एवढ्या गर्दीत ३५ आणि ३७ चं प्रमाण एका चिमटीतून दुसऱ्या चिमटीत बदलेल अशी शक्यता व्यवहारात नाहीच. म्हणून तराजूच्या कामात एकच सरासरी बिनधास्त वापरायची, एकेका अणूची किंवा केंद्राची गोष्ट निघाली की ती बाजूला ठेवायची.

इथे एक "पण" आहे, आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. थैलीतलं प्रमाण सगळीकडे सारखं असतं, हे गृहीत आपण धरलंय. बहुतेक मूलद्रव्यांत ते चालतं, कारण समस्थानिक रसायनाने सहज वेगळे होत नाहीत आणि पृथ्वीवर कधीचे घुसळून निघालेत. पण शिसं घ्या. युरेनियम क्षय पावत पावत, म्हणजे किरणं टाकत एकातून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत, शेवटी शिशावर येऊन थांबतं, बहुतांश शिसं-२०६ वर. थोरियम थांबतं शिसं-२०८ वर. त्यामुळे युरेनियमच्या खनिजातलं शिसं हलकं आणि थोरियमच्या खनिजातलं जड. १९१४ मध्ये हार्वर्डचे थिओडोर रिचर्ड्स यांनी युरेनियमच्या खनिजांतल्या शिशाचं अणुवस्तुमान साध्या शिशापेक्षा कमी भरतं हे मोजून दाखवलं, आणि समस्थानिकांच्या कल्पनेला तो मोठा पुरावा ठरला. लिथियमची गोष्ट माणसाने बिघडवलेली. हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-६ काढून घेतलं आणि उरलेलं, जड झालेलं लिथियम बाजारात आलं. म्हणून बाटलीतल्या लिथियमचं अणुवस्तुमान छापील ६.९४ पेक्षा वेगळं निघू शकतं. हल्ली रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना काही मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी पट्टाच देते. क्लोरीनचा पट्टा ३५.४४६ ते ३५.४५७. अकरावीला याने काही बिघडत नाही, मात्र आवर्त सारणीतला आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे एवढं मुलीला ठाऊक असावं.

आर्गॉन आणि पोटॅशियमची अदलाबदलही यातूनच सुटते. आर्गॉनचा अणुअंक १८, वस्तुमान ३९.९५. पोटॅशियमचा १९, वस्तुमान ३९.१०. अणुअंक वाढला आणि वस्तुमान घटलं! कारण हवेतल्या आर्गॉनपैकी जवळजवळ सगळा आर्गॉन-४० आहे, आणि तो खडकांतल्या पोटॅशियम-४० च्या क्षयातून जमत गेलाय. पोटॅशियमच्या थैलीत मात्र हलक्या ३९ ची गर्दी. आवर्त सारणी वस्तुमानाऐवजी अणुअंकाने का लावतात, याचं याहून सरळ उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आणि मुलीला सांगा, या ३५.५ पाशी अडखळणारी ती पहिली नाही. १८१५ मध्ये विल्यम प्राउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने मांडलं की सगळ्या अणूंची वस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत आहेत, म्हणजे सगळे अणू हायड्रोजनचेच बनलेले असावेत. कल्पना सुरेख होती. ती मोडली कशाने? मुख्यतः क्लोरीनने. लोकांनी पुन्हा पुन्हा मोजलं, ते काही ३५ होईना की ३६ होईना. शंभर वर्षांनी, १९१९-२० च्या सुमारास, केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अॅस्टन यांनी आपल्या यंत्रात आधी निऑन आणि मग क्लोरीन घातलं, तेव्हा साडेपस्तीसच्या जागी काहीच नव्हतं. रेघा उमटल्या होत्या ३५ आणि ३७ ला. प्राउट बिचारा बराचसा बरोबर होता, ज्या थैलीचं वजन केलं जात होतं ती मिसळलेली होती.

परीक्षेपुरतं: प्रश्नात जे आकडे दिले असतील तेच वापरायचे. ३५ आणि ३७, ७५ आणि २५ टक्के असं दिलं असेल तर उत्तर ३५.५ लिहायचं, मी वर दिलेले दशांश घुसडायचे नाहीत. न्यूट्रॉन विचारले असतील आणि समस्थानिक सांगितला नसेल, तर शाळेच्या पातळीवर नेहमी सापडणारा समस्थानिक धरतात, क्लोरीनसाठी ३५, आणि उत्तर १८. तसं गृहीत धरल्याचं एका ओळीत लिहिलं तर उत्तम. बोर्डाचे परीक्षक त्याला आडकाठी करत नाहीत असा माझा अनुभव आहे. क्लासचे सर सूत्र पाठ करायला सांगतात त्यात त्यांचाही फार दोष धरू नका, साठ मुलांच्या बॅचला पंचेचाळीस मिनिटांत नाणी मोजायला बसवणं अवघडच आहे. तुमच्याकडे मात्र नाणीही आहेत आणि एकच विद्यार्थिनी.

या रविवारी जेवणाच्या टेबलावर नाण्यांची थैली ओतून झाली की तिला गॅलियम द्या. दोन समस्थानिक, ६८.९२६ आणि ७०.९२५, सरासरी ६९.७२३. आधी बोटाने दाखवू दे, गर्दी कुठल्या बाजूला. मग जास्तीचे मोजून प्रमाण काढू दे. गॅलियम-६९ साधारण ६० टक्के आलं की झालं. शेवटी सहज विचारल्यासारखं विचारा, "काय गं, गॅलियमचा अणुअंक ३१, मग त्यात न्यूट्रॉन किती?" तिने वजाबाकीला सुरुवात केली तर नाणी अजून आवरू नका. "कुठल्या गॅलियममध्ये?" असं उलट विचारलं, तर आवरा.